पाय खाली टेकवायचा नाही

माझं पाऊल बदललंय हे सगळ्यांत आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. आमच्या सांगलीच्या घरात न्हाणीघरातून स्वयंपाकघराकडे जाताना जुनी शहाबादी फरशी लागते. आंघोळ करून मी त्यावरून गेले की ओली पावलं उमटतात. डाव्या पावलाला मध्ये नेहमीसारखी खोबण होती आणि उजवं थापलेल्या भाकरीसारखं भरलेलं. "तुझा एक पाय गौरीचा आणि एक हत्तीचा झालाय गं," असं म्हणून त्या परत मेथी निवडायला लागल्या. मी हसण्यावारी नेलं. हे 2021 सालच्या दिवाळीच्या आसपासचं.

मी शाळेत भूगोल शिकवते. तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. दिवसाला सहा तास, सगळे उभ्यानं, कारण खुर्चीत बसून नकाशा शिकवता येतो यावर माझा विश्वास नव्हता. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या बरोबर मागे, संध्याकाळी ठसठसायचं आणि सूज यायची. पाय कुठंतरी मुरगळला असेल म्हणून आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, मिठाच्या गरम पाण्याचा शेक हे सगळं क्रमानं झालं. मग डॉक्टर. पहिल्यांनी झोपवून एक्स-रे काढला, हाडं उत्तम आहेत, वजन उतरवा म्हणाले. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो होतं, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. दुसऱ्यांना युरिक ॲसिडचा संशय आला, रक्त तपासलं, तेही ठीक निघालं. तिसऱ्यांनी सुजेतच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. तीन आठवडे मी पिसासारखी चालले. ज्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, मुळात झीज झालीय त्याच्या आसपास असं इंजेक्शन दिलं तर ते आणखी कमकुवत होऊ शकतं, अगदी तुटूही शकतं, हे मला वर्षभरानं कळलं.

पुण्याला वन्संच्या ओळखीतून फक्त पाय आणि घोटा बघणाऱ्या सर्जनकडे गेलो. मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. "सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहा." मागून ते बोटं मोजत होते. सरळ पायाची मागून करंगळी आणि तिच्या शेजारचं जेमतेम एखादं बोट दिसतं, माझ्या उजव्या पायाची साडेतीन दिसत होती. मग म्हणाले, भिंतीला हात लावा आणि एका पायाच्या चवड्यावर उभ्या राहा. डाव्यावर राहिले. उजव्यावर राहायला गेले तर काहीच झालं नाही. दुखलं म्हणून नव्हे. मी हुकूम दिला आणि टाचेनं तो ऐकलाच नाही. वर्गात मागच्या बाकावरचं पोर कधी कधी शांतपणे आपल्याकडे बघत बसतं आणि उठत नाही, तसं.

त्यानंतर एक्स-रे काढला, पण उभं करून, पायावर पूर्ण भार देऊन. झोपलेल्या पायाची कमान ठीकच दिसते. खचते ती भार आल्यावर. वर्षभरात हा साधा फरक कुणाला सुचला नव्हता.

पोटरीच्या खोलातून एक स्नायू खाली येतो. त्याचं टेंडन आतल्या घोट्याच्या हाडामागून वळसा घेऊन तळव्याच्या मध्यापाशी, नॅव्हिक्युलर नावाच्या होडीसारख्या हाडाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना जाऊन चिकटतं. पायाची कमान उचलून धरण्यात त्याचा मोठा वाटा. आमच्या शेजारी मिरजेत तंबोरे घडवतात. तंबोऱ्याची तार घोडीवरून वाकून जाते आणि जिथं वाकते तिथंच घासते, तसंच हे. माझी तार घोट्याच्या वळणावर झिजून सैल पडली होती. मग कमान बसली, टाच बाहेरच्या बाजूला कलली, पुढचा पाय बाहेर फिरला आणि म्हणून मागून जास्त बोटं दिसायला लागली. चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त आढळतं, जास्तीचं वजन, मधुमेह, रक्तदाब यांची त्याला साथ असते. डॉक्टरांनी माझी टाच हातात धरून मध्यावर आणली तर ती आली. "येतेय तोवर दुसरी अवस्था. यायची थांबली की तिसरी. तिसरीत सांधे जोडून टाकावे लागतात, मग पाय आतबाहेर वळत नाही."

लगेच ऑपरेशन कुणीच सुचवलं नाही. पाच महिने बुटात सोल, घोट्याला पट्टा, पोटरीचे ताण, वजन. वजन सहा किलो उतरलंसुद्धा. दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "सोल दिवसभर असतो ना पायात?"

"शाळेत असतो की."

"आणि घरात काय घालता?"

मला प्रश्नच कळला नाही. घरात काय घालणार? घरात आपण चपला दाराबाहेर काढतो. शाळेचे सहा तास सोडले तर माझं सगळं आयुष्य अनवाणी चाललेलं: ओट्यापाशी, देवापाशी, गच्चीवर पापड घालताना. आधाराचा सोल सहा तास आणि बिनआधाराची कडक फरशी दहा तास. ते म्हणाले, आजपासून घरातही पादत्राण हवं, ऑपरेशन झालं तर नंतरही बराच काळ हवं.

मला त्या क्षणी जयपूर फूट आठवला. मी वर्गात कधी कधी सांगते मुलांना. 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरला तो पाय घडवला, कारण परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी केलेले असत, आणि आपल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते. रबराचा पाय अनवाणी चालावा म्हणून एवढी अक्कल खर्च झाली आणि माझ्या हाडामांसाच्या पायाला घरात चपला घालायला सांगत होते.

सासूबाईंना हे सांगायचं धैर्य मला चार दिवस झालं नाही. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आमच्या स्वयंपाकघरातच देव आहेत. यांनीच विषय काढला आणि पेपरात तोंड घातलं. सासूबाईंनी तोडगा काढला तो असा: नवी कोरी जोडी आणायची, तिनं घराचा उंबरा कधी ओलांडायचा नाही, आठवड्याला धुवायची, आणि देवापुढे उभं राहण्याऐवजी ती काढून खुर्चीत बसायचं. त्या जोडीला घरात नाव पडलं सोवळ्याच्या चपला.

तरी पाय खचत राहिला. 2023 च्या एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं. त्यातला अर्धा हिशेब मास्तरणीचा होता. मे महिन्याची सुट्टी फुकट मिळते, वैद्यकीय रजा कमी खर्ची पडते. डॉक्टरांनी कागदावर पाय काढून दाखवला. एक नव्हे, चार कामं होती. टाचेचं हाड तिरकं कापून मागचा तुकडा सुमारे एक सेंटिमीटर आत सरकवायचा आणि स्क्रूनं बसवायचा, म्हणजे भार पुन्हा मध्यावर येईल. झिजलेलं टेंडन साफ करून त्याच्या कामावर शेजारचं टेंडन नेमायचं, जे एरवी पायाची लहान बोटं दुमडतं. कमानीखालचा ताणलेला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, शिवायचा. आणि आखडलेली पोटरी थोडी सैल करायची. "बोटं दुमडायची कमी होतील," ते म्हणाले, "पण त्याचं फारसं काही अडत नाही." हे वाक्य पुरुषाचंच. खाली पडलेला कपड्याचा चिमटा, फडकं, रबर बँड आपण बायका कमरेत न वाकता पायाच्या बोटांनी उचलतो हे त्यांना ठाऊक नसावं.

आदल्या आठवड्यात जोडव्यांचा प्रश्न आला. ऑपरेशनला अंगावर धातू चालत नाही. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं, उजव्या पायाचं जोडवं मात्र पंचवीस वर्षांत बोटात रुतून बसलं होतं. साबण, तेल, दोरा सगळं झालं. शेवटी सराफानं कातरीनं कापलं. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे पदराला हात पुसून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. यांना हसू आवरत नव्हतं, मला मात्र खरंच पोटात कसंतरी झालं. त्या रात्री मी टाचेच्या हाडाला घाबरले नाही, चांदीच्या एका वेढ्याला घाबरले.

ऑपरेशनच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. पाठीतून भूल दिली. कमरेखाली मी नव्हतेच. झोपेचं औषध दिलं होतं तरी मध्ये मध्ये जाग येत होती आणि हिरव्या पडद्यापलीकडून करवतीचा बारीक घरघराट, मग ठोकल्याचा आवाज येत होता. आमच्याकडे दाराची चौकट बदलताना सुतार करायचा तोच आवाज. आपलंच हाड आहे हे मनाला पटत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

रात्र मात्र सांगितली पाहिजे. गुडघ्यामागे नस बधिर करणारं वेगळं इंजेक्शन, ब्लॉक, दिलं होतं, त्यामुळे संध्याकाळभर पाय म्हणजे कुणीतरी गादीवर ठेवून दिलेलं ओंडकं होतं. मी मजेत. भेटायला आलेल्या वन्संशी गप्पा मारल्या, खिचडी खाल्ली. नर्सताईंनी दोनदा सांगितलं की दुखत नसलं तरी अकराची गोळी घ्या, ब्लॉक उतरायच्या आधी पोटात हवी. मला वाटलं, दुखतच नाही तर कशाला, ॲसिडिटी होते. पहाटे तीनला ब्लॉक उतरला. बाळंतपण मला आठवतंय आणि मी तोलूनमापून सांगते, ते बरं होतं. तिथं कळ येते आणि जाते. इथं ती आली ती मुक्कामालाच. गोळ्यांना दोन तास पुढे गेलेल्या कळेला गाठायला सकाळ झाली. असं ऑपरेशन कुणाचं असेल तर नर्सताईंचं ऐका, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सुटी मिळाली. सकाळी नऊला डॉक्टरांनी घरी जा म्हटलं आणि विम्याची मंजुरी यायला संध्याकाळचे साडेचार वाजले. मंजुरी आली तीही हातमोजे, कापूस आणि वॉकर वगळून.

दोन आठवडे कोथरूडला वन्संकडे, टाके निघेपर्यंत. पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा, म्हणून चार उशा आणि वर एक घडी केलेली सतरंजी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटात एक बारीक इंजेक्शन. ते द्यायला हे शिकले. पहिल्या दिवशी त्यांचा हात एवढा थरथरला की मीच त्यांना पाणी दिलं. टाके निघाले, पक्कं प्लास्टर चढलं, आणि मागच्या सीटवर आडवी होऊन मी सांगलीला आले. डॉक्टरांनी निघताना एकच वाक्य सांगितलं होतं. एकूण सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही. थोडाही नाही, चुकूनही नाही, फक्त अंगठासुद्धा नाही.

आपलं घर किती उंबऱ्यांचं आहे ते मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं मी ते ओलांडत होते आणि कधी मोजले नव्हते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चार. त्यातले दोन वीतभर उंच, न्हाणीघर पुन्हा एक पायरी खाली. वॉकर घेऊन एका पायावर उडी मारत उंबरा चढणं म्हणजे सर्कस. कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. मुलाची जुनी चाकांची खुर्ची माळ्यावरून उतरवली, तिच्यावर उजवा गुडघा टेकवून डाव्या पायानं ढकलत मी माजघरात फिरायचे. आंघोळीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, प्लास्टरवर दुधाच्या पिशव्या कापून चिकटवलेल्या, आणि पाय दुसऱ्या स्टुलावर राजासारखा. आत खाज सुटायची. विणायची सुई आत घालायचा मोह मी टाळला, कारण आत जखम झाली तर वरून कळतही नाही.

वेदना दुसऱ्या आठवड्यातच आवाक्यात आली होती. खरं जड गेलं ते वेगळंच. सासूबाई स्वतः भिंतीला हात लावून चालणाऱ्या, आणि त्या मला चहा आणून द्यायच्या. चहा बशीत सांडत, थरथरत, उंबऱ्यापाशी थांबून श्वास घेत. मी पलंगावर. धावत जाऊन कप घ्यावा तर उठता येत नाही, नको म्हणावं तर त्या रुसतात. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, कामाच्या मावशी देतील ना, तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं तू दिलास तेव्हा मी असं बोलले का?" मग मी तो गार झालेला चहा प्यायले. रोज प्यायले.

चौथ्या आठवड्यात मी पडले. रात्री दोनला, कुणाला उठवायला नको म्हणून एकटीच निघाले. वॉकरचा पुढचा पाय उंबऱ्यात अडकला, तोल गेला आणि प्लास्टरचा पाय दाणकन खाली टेकला. कळ तेवढी आली नाही, पण मनात पहिल्यांदा आला तो स्क्रू. सरकवलेलं हाड परत सरकलं असेल? घर सगळं जागं झालं. सकाळी गावातच एक्स-रे काढून फोटो पुण्याला पाठवला. उत्तर यायला दीड तास लागला. त्या दीड तासात सासूबाईंनी काय काय नवस बोलले ते अजून फेडणं चालू आहे. हाड जागेवर होतं. त्या दिवसापासून माझ्या उशाशी स्टीलचं ताट आणि पळी. रात्री लागलं की वाजवायची. लाज वाटायची, वाजवायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टर कापलं. आत निघालेला पाय माझा नव्हता. पोटरी मनगटासारखी, कातडीचे पापुद्रे, वास तर विचारूच नका. पण आतल्या बाजूला तळवा आणि फरशी यांच्यात बोट जाईल एवढी जागा होती. कमान. मी ती बघत बसले आणि हे म्हणाले, "चला, गाडी लावलीय चुकीच्या जागी."

पाय खाली टेकवायचा तर किती, याचं माप असतं. वजनकाट्यावर उजवा पाय ठेवायचा आणि काटा दहा किलो दाखवेल एवढाच भार द्यायचा. चार दिवसांनी पंधरा, मग वीस. ज्या वजनकाट्याकडे मी दोन वर्षं बघायचं टाळत होते तो दिवसातून सहा वेळा माझ्या पायाखाली आला. पायात गुडघ्यापर्यंतचा जाड, पट्ट्यांचा बूट. दोन्ही पायांची उंची सारखी राहावी म्हणून डाव्या पायातही जाड तळाचा जोडा. म्हणजे सोवळ्याच्या चपलांवरून आम्ही घरभर दोन बूट घालून फिरण्यापर्यंत आलो होतो, आणि सासूबाई आता काही म्हणत नव्हत्या.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलापाशी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि 2019 च्या कृष्णेच्या महापुरानंतर तर लहान पोरंही हे आकडे पाठ म्हणतात. माझी काळजी एकच, पाणी आलंच तर मला उचलणार कोण. नदी त्या साली पात्रातच राहिली. जुलैच्या मध्यावर मी कुबडी घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी माझे वर्ग तळमजल्यावर आणले. मी खुर्चीत बसून नकाशा शिकवला. शिकवता येतो, असं निघालं. आठवीतल्या एका मुलानं बूट बघून विचारलं, "बाई, तुम्ही चंद्रावर निघाला काय?"

फिजिओथेरपीत पहिला महिना काय केलं असं कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटेल. फरशीवर रुमाल पसरायचा आणि बोटांनी गोळा करायचा. डावा पाय तीन सेकंदांत गोळा करी. उजव्याची बोटं रुमालावर नुसती हात फिरवल्यासारखी करत. ज्या टेंडनवर ती दुमडायची ते आता दुसऱ्या नोकरीवर होतं. फिजिओ म्हणाली, त्या टेंडनला अजून कळलेलं नाही की त्याचं खातं बदललंय. तुम्ही पाय आत वळवायचा विचार करा, हळूहळू त्याला कळेल. महिनाभर मी दुपारी पलंगावर बसून पायाकडे बघत नुसता विचार करायचे. एक दिवस आतल्या बाजूला कातडीखाली काहीतरी दोरीसारखं उठलं. मी मुलाला व्हिडिओ पाठवला. त्याला काहीच दिसलं नाही. मला दिसलं.

पण पाचवा महिना सगळ्यांत वाईट. याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. सहा आठवड्यांचं सगळे सांगतात, तीन महिन्यांचं सांगतात, आणि मग म्हणतात वर्षभरात पूर्ण. मधल्या काळाला नावच नाही. बूट सुटलेला, कुबडी सुटलेली, बघणाऱ्याला तुम्ही बऱ्या झालेल्या. संध्याकाळी मात्र पाय उखळासारखा सुजलेला. ऑपरेशनआधी आत दुखायचं, आता बाहेरच्या बाजूनं. टाचेच्या बाहेरच्या अंगाला छेदाजवळची कातडी बधिर, तिथं डास चावून जायचा आणि मला कळायचंही नाही. पहाटे पहिली दहा पावलं काचांवरून. मी यांना एकदा विचारलं, हे करून घेतलंच कशाला आपण? त्यांनी उत्तर दिलं नाही, जे शहाणपणाचं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, सूज वर्षभर राहू शकते, टेंडन अजून ताकद घेतंय, थांबा. थांबण्याचं मला आधी सांगितलं असतं तर मी थांबलेच असते. न सांगता थांबावं लागलं म्हणून रडले.

त्याच महिन्यात गौरी आल्या. आमच्याकडे दारापासून देवापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढतात आणि घरची सून मुखवटा घेऊन त्यांवरून चालत आत येते. अर्थातच अनवाणी. मी जावेला सांगून ठेवलं होतं की यंदा तू आण. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ऐन वेळी सोवळ्याच्या चपला धुऊन, पुसून उंबऱ्याशी आणून ठेवल्या. शेजारच्या काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, गौर चपला घालून?" सासूबाई म्हणाल्या, "गौर कुठं चपला घालतेय? ती तर हिच्या हातात आहे." मग मी चारही उंबरे ओलांडून आले. सावकाश, आधी डावा, मग उजवा. जावेनं मागून धरलं होतं, तिला सोड म्हटलं तरी सोडलं नाही.

पायऱ्या उतरायला सातवा महिना. कृष्णेच्या घाटावर गणपतीचं दर्शन घेऊन चालत जायला नववा. जोडवं सराफाकडून वाढवून आणलं. त्याचं माप मोठं करून घेतलं कारण बोट आता पूर्वीच्या मापाचं होणार नाही. काही गोष्टी आल्या नाहीत, त्याही सांगते. उकिडवं बसता येत नाही, ओट्याखालचा डबा काढायला पाटावर बसते. टाचेतला स्क्रू थंडीत जाणवतो, खूपच त्रास झाला तर काढता येतो म्हणतात, मी अजून त्या वाटेला गेले नाही. चिमटा पायानं उचलता येत नाही. मी तो अजूनही दर वेळी आधी पायानंच उचलायला जाते.

2024 च्या मेमध्ये वर्षाची तपासणी. पुन्हा तीच खोली, भिंतीला हात, पाठ त्यांच्याकडे. उजव्या पायाची दोन बोटं दिसतात म्हणाले. चवड्यावर उभ्या राहा. टाच उचलली गेली. फार नाही, सुपारी खालून सरकेल एवढी. पुन्हा म्हणाले, पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा थरथरत. चौथ्यांदा नाही.

"छान," ते म्हणाले आणि बसायला सांगितलं नाही. मी तशीच उभी. मागे शांतता.

"डाव्याची किती दिसतात?" मीच विचारलं.

"अडीच. डाव्यात आजपासून सोल घाला. घरातसुद्धा."